उतार कुठे घालायचा?
गोव्यात दिवाडीहून नार्व्याला येणाऱ्या फेरीबोटीची फळी धक्क्यावर टेकते ती स्कूटर-गाड्या चढाव्यात म्हणून. व्हीलचेअरचा विचार तेव्हा कुणी केला नसेल, पण तीही चढते. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारलेलं इथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या जीर्णोद्धारानंतर खुलं झालं. महिनाभर आधीच पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला होता. उत्सव हवेतच (आणि त्यात गोव्याचा हात कोण धरणार?), पण मंडप उतरला की माणूस परततो तो आपल्याच गावातल्या पायऱ्यांपाशी. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं की सुगमतेचे निकष ऐच्छिक नव्हे, सक्तीचे हवेत. गावात मात्र ‘आम्ही उचलून नेतो ना!’ हे अजून अभिमानाने सांगितलं जातं. उचलणारे हात प्रेमाचेच; पण मग यायचं कधी आणि थांबायचं किती, हेही तेच हात ठरवतात. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानाची गर्दी जमण्याआधी पंचायतीने आणि देवस्थानाने गावातल्या दिव्यांगांनाच बोलावून विचारावं, उतार कुठे घालायचा ते.