अस्वल : वैरी की शेजारी?

फाल्गुन-चैत्रात आपल्या आदिलाबादच्या रानात मोहाची फुले गळू लागली, की पहाटेच त्या झाडांखाली दोघे येतात. एक टोपली घेतलेला माणूस, दुसरे अस्वल. दोघांनाही तीच फुले हवी असतात. या भेटीत माणूस जखमी झाला, की अस्वलास क्रूर ठरविले जाते. हा न्याय आम्हांस योग्य वाटत नाही.

अस्वल हे वाघासारखे शिकारीवर जगणारे श्वापद नव्हे. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे व मोहफुले हा त्याचा आहार. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. लांब नखांनी वारूळ उकरून, नाकपुड्या मिटून, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. आईच्या पाठीवरील दाट केसांना धरून पिले महिनोन्महिने हिंडतात. त्याचे नाक तीक्ष्ण, परंतु दृष्टी अधू. वाऱ्याने गंध पोचविला नाही, तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास कळत नाही. मग भयाने चवताळून ते अंगावर येते.

माणसाने मात्र त्यास निर्भयपणे छळले आहे. नाकात दोरी ओवून दरवेशी त्यास गावोगाव नाचवीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही तो खेळ रस्त्यावरून जवळजवळ नाहीसा होण्यास २००९ साल उजाडले. २०१२ साली कवालचे अरण्य वाघासाठी राखले गेले, तेव्हा तेथील अस्वलांनाही आश्रय मिळाला.

कोणी म्हणेल, घरात बसून अस्वलाची कड घेणे सोपे आहे. ज्याचा चेहरा त्याने फाडला, त्यास विचारा! हा आक्षेप खरा आहे. मोहफुले म्हणजे कित्येक गोंड व कोलाम कुटुंबांचे अन्न आणि पैसा. त्यांना रानाबाहेर काढणे हा उपाय नव्हेच. फुले उजाडल्यावर, चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत वेचावी. झाडाखालचा पाला पेटवू नये. तो वणवा टेंभुर्णी-जांभळीची रोपेही जाळतो. गावापासून दूरची काही झाडे अस्वलासाठी सोडावी. जखमी माणसास उपचार व भरपाई विनाविलंब मिळाली पाहिजे; ते सरकारचे कर्तव्य आहे. बाकीच्या गोष्टी आपल्या हातातील आहेत. रानालगतच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी त्या येत्या मोहाच्या हंगामापूर्वी घरी अवश्य सांगाव्या.