सॅक घ्या ती मुलाच्या पाठीच्या मापाची

पालकहो आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, दिवाळी झाली की शाळांच्या गडसहली सुरू होतात आणि घरोघरी सॅकची खरेदी निघते. युनिफॉर्म आपण एक माप मोठा घेतो, बुटात पुढे कापूस कोंबतो. तीच सवय सॅकलाही लावतो. "60 लिटरची घे, कॉलेजपर्यंत चालेल!" माझं स्पष्ट मत आहे, की ही काटकसर मुलाच्या अंगाशी येते.

ट्रेकिंगच्या सॅकचा कमरेचा पट्टा शोभेसाठी नसतो. तो कमरेच्या हाडांवर नीट बसला तर बरंचसं वजन खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि तिथून पायांवर जातं. सॅक पाठीपेक्षा लांब असली की पट्टा खाली घसरतो, सगळा भार खांद्यांना लटकतो आणि मूल वाकून चालतं. सपाटीवर हे एक वेळ निभेल. पण कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर मागे ओढणारी सॅक म्हणजे सरळसरळ धोका.

म्हणून लिटर नंतर बघा, आधी पाठ मोजा. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरा. वर्गात मुलांना एकमेकांची पाठ मोजायला लावा. सारख्या उंचीच्या दोघांची मापं वेगळी निघू शकतात, आणि गणिताचा एक तास मजेत जातो. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्यात अर्थ नाही. आत तीन-चार किलो वजन टाकायला सांगा, आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे, शेवटी छातीचा, आणि मुलाला चालू द्या.

एका दिवसाला 20-25 लिटर पुष्कळ झालं. 2020 च्या केंद्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय. ते दप्तराबद्दल आहे, पण सहलीलाही तेच धरावं असं मला वाटतं. 40 किलोच्या मुलाला 4 किलो. त्यात 2 लिटर पाणी म्हणजे 2 किलो तिथेच संपले! मग सामायिक भांडी मुलांच्या पाठीवर कशाला?

आता शिक्षकांसाठी. सहलीच्या सूचनापत्रात 'ट्रेकिंग सॅक आवश्यक' असं कृपा करून लिहू नका. त्या एका ओळीपायी एखादं मूल घरी पैसे न मागता "मला यायचंच नाही" म्हणून मोकळं होतं. एका दिवसाच्या गडाला दोन खांद्यांचं नेहमीचं दप्तर चालतं, फक्त हात मोकळे हवेत. मुक्कामाची सहल असेल तर पाठीचं माप कमी-जास्त करता येणाऱ्या पाच-सहा सॅक शाळेनेच घेऊन ठेवाव्यात.

अर्थात, त्या टिकवाव्या लागतील. परत आल्यावर सगळे कप्पे उलटे करून झटका. चिवड्याचे कण राहिले तर उंदीर सॅक कुरतडतात. वॉशिंग मशीन नको, आतला पाणीरोधक थर सोलवटतो. साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत उलटी टांगून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओलसर ठेवली की बुरशी आलीच. चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. बकल तुटलं म्हणून सॅक टाकू नका. सुटं बकल बाजारात मिळतं आणि बॅगा दुरुस्त करणारा कारागीर ते थोडक्यात शिवून देतो.