मतदाराला आधी सांगा, मग टक्का विचारा

महापालिका निवडणुकीत मतदान कमी झाले की खापर मतदारावर फुटते. सुट्टी मिळाली की शहरी माणूस फिरायला जातो, असे म्हणून विषय संपवला जातो. पण आपले नाव कुठे आहे, प्रभाग कोणता, मते किती द्यायची, हे त्याला वेळेत सांगितले जाते का? १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. पुढच्या वेळेपर्यंत काय सुधारायला हवे, हे ठरवण्याची वेळ आताच आहे.

नाव नेमके कुठे अडकते?

लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोग तयार करतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण तो विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो. या विभागणीत एखाद्या सोसायटीची नावे रस्त्यापलीकडच्या प्रभागात जातात. विधानसभेला ज्या शाळेत मत दिले, तिथे महापालिकेला नाव सापडत नाही.

प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती चुकीचा प्रभाग, लेखनिकाची चूक किंवा विधानसभा यादीत असूनही गळलेले नाव एवढ्यापुरतीच. नवे नाव घालणे किंवा मूळ नाव वगळणे राज्य आयोगाच्या हातात नाही. मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख नोंदी दुबार आढळल्या, तेव्हाही हीच अडचण समोर आली. चूक एका कार्यालयाची, निवडणूक दुसऱ्याची आणि हेलपाटे मतदाराचे.

अठरा पूर्ण, तरी मत नाही?

जानेवारीच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली गेली. त्यानंतर नोंदणी झालेल्यांना, अठरा वर्षे पूर्ण असूनही, मत देता आले नाही. आता विधानसभेच्या यादीसाठी वर्षात चार अर्हता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मग मतदानाआधीचा सर्वांत जवळचा दिनांक का धरू नये? प्रभागरचना आधीच पक्की असेल, तर यादी विभागायला सहा महिने लागण्याचे कारण नाही.

एक मत की चार?

मुंबईत प्रभागाला एक नगरसेवक, म्हणून एकच मत. पुण्यासह इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून चार मते. पुणेकरांनी २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये चार सदस्यांची पद्धत पाहिली. दर वेळी प्रभागाच्या सीमाही हलल्या. सत्तेत येणाऱ्याला सोयीचा प्रभाग मिळतो. पाणी आले नाही तर चौघांपैकी कोणाला जाब विचारायचा, हे मात्र मतदाराला कळत नाही.

काय करता येईल?

पहिले, प्रभागातील सदस्यसंख्या कायद्याने ठरवा आणि पुढच्या जनगणनेपर्यंत तिला हात लावू नका. दुसरे, विधानसभेच्या यादीतच प्रत्येक नावापुढे महापालिकेचा प्रभाग क्रमांक कायमचा नोंदवा. दोन्ही आयोगांनी एकत्र बसले तर हे होऊ शकते. तिसरे, मतदान केंद्राचा पत्ता महिनाभर आधी मोबाइलवर आणि घरपोच चिठ्ठीवर द्या. ही चिठ्ठी वाटण्याचे काम पक्षांच्या कार्यकर्त्यांवर सोडू नका. चौथे, चार मतांच्या यंत्राचे प्रात्यक्षिक वस्तीत, बाजारात आणि कॉलेजांत दाखवा.

आणि निवडणूक वेळेवर घ्या. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. तरी मुंबईत फेब्रुवारी २०१७ नंतरचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. २०१७ च्या मतदानानंतर लगेच अठरा वर्षांचा झालेला मुंबईकर पहिल्यांदा नगरसेवक निवडायला गेला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

यंत्रणेनेच जवळपास नऊ वर्षे मतदाराला बोलावले नाही. त्याच्या उदासीनतेवर भाषण देण्याआधी निदान त्याचे नाव, केंद्र आणि तारीख तरी जागेवर असू द्या.