वेगाआधी वाट

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस हे वाटा फुटण्याचे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी येथेच महामार्ग सोडून रोटी घाटाकडे वळते. एक वाट बंद पडली तर दुसरी असावी, हे अशा गावाला शिकवावे लागत नाही. संगणकाच्या जाळ्याची आखणी करणाऱ्या शासनाला मात्र ते उमगायला बारा वर्षे लागली.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचेच नाव ‘भारतनेट’ झाले. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेग मिळणार होता. आकडा भव्य होता. परंतु तालुक्याहून गावाकडे जाणारा तंतू एकेरी होता. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तो तोडला, की पलीकडचे गाव मुके. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि गावे वलयाकार जोडण्याचे ठरले. वलय एका ठिकाणी तुटले तरी संदेश दुसऱ्या बाजूने पोहोचतो.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये यावर वादच नसतो. इथरनेटचे ४०० गिगाबिटचे प्रमाण २०१७ मध्ये, तर ८०० गिगाबिटचे २०२४ मध्ये ठरले. तथापि वेग कितीही वाढो, दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची तेथील रीत कायम आहे.

उद्योगांत मात्र आजही वेगाचाच मोह दिसतो. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे, जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत. अशा कोणत्याही आवारात ‘वेगवान वायफाय’ची मागणी झाली, की छताला नवे यंत्र टांगले जाते आणि त्यामागची तार तीच राहते. हवेतून मिळालेला वेग शेवटी त्या तारेतूनच जायचा! तांब्याच्या इथरनेट तारेची मर्यादा १०० मीटर. साखर कारखान्यात वजनकाटा ते कार्यालय हे अंतर सहज त्याहून अधिक भरते. तेथे प्रकाशतंतूच हवा. अवजड मोटारींचा विद्युत उपद्रव त्याला बाधत नाही. उलट, कार्यालयाच्या भिंती फोडण्याची घाई नको. २०१६ च्या प्रमाणानुसार जुन्या ‘कॅट-५ई’ तारेवरूनही अडीच गिगाबिट वेग मिळू शकतो. विक्रेता हे आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते.

गरज न तपासता जाळे विणले की काय होते, हे वारणानगरने दाखवून दिले आहे. वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेतला गेला. त्याचे कौतुक देशभर झाले. पुढे आढळले, की गावातील संगणक प्रामुख्याने कारखान्याशी होणाऱ्या ऊस व खताच्या व्यवहारापुरताच वापरला जातो. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलचा साधा लघुसंदेश वापरून पाहिला. तेवढ्यात ते काम भागले.

ऊस घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला गिगाबिटशी कर्तव्य नाही. गाडी काट्यावरून उतरण्यापूर्वी वजनाची पावती हाती पडते का, आणि ऐन हंगामात रात्री दोन वाजता जाळे बंद पडले तर ते दुरुस्त करणारा माणूस पाटसला राहतो की पुण्याला, हे त्याचे प्रश्न आहेत. नव्या जाळ्याची निविदा काढताना कारखान्यांनी वेगाच्या आकड्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.