एकाच वायरमधून वीज आणि चित्र



विहारात, चाळीत, सोसायटीत आता कॅमेरे बसतात आणि ते बसवायला आपलीच मुले शिडीवर चढतात. (१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि कारागिरांचे तंत्रशिक्षण, दोन्ही त्या खात्याकडेच होते. या कामाला कोणी हलके समजू नये.) कॅमेऱ्याकडे एकच वायर गेलेली पाहून आयाबहिणी विचारतात, याला वीज कुठून मिळते?

त्याच वायरमधून. जुना टेलिफोन आठवा. लाइट गेली तरी तो चालायचा, कारण एक्सचेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीज बोलण्याच्याच तारेतून यायची. तसेच हे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. सगळ्या केबली जिथे येतात त्या पेटीला स्विच म्हणतात; ती चित्र घेते आणि वीज देते. कारागीर याला 'पीओई' म्हणतात. २००३ च्या पहिल्या मानकात एका केबलला १५.४ वॉट मिळत, २०१८ पासून ९० पर्यंत.

मानकाप्रमाणे बनलेला स्विच एकदम वीज सोडत नाही. आधी दहा व्होल्टच्या आसपास हलकी वीज लावून चाचपतो. पलीकडे २५ हजार ओहमची खूण सापडली तरच पुढची वीज देतो. म्हणून चुकून कॉम्प्युटर जोडला तरी जळत नाही. स्वस्तातला 'पॅसिव्ह' इंजेक्टर मात्र काही न विचारता वीज ढकलतो. चुकीचे यंत्र लागले की संपले.

खरी फसवणूक केबलमध्ये होते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा देऊन ती विकतात. खोक्यावर बारीक अक्षरात 'सीसीए' असते. तिच्यात वीज जास्त अडते, वायर तापते, टोकाला वीज कमी पोचते. दिवसा कॅमेरा ठीक चालतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची भूक वाढते आणि तो बंद पडतो. चोर तर रात्रीच येतो! ठेकेदार पैसे घेऊन मोकळा होतो, बोल लागतो शिडीवरच्या पोराला. आणि विहारातले पैसे असतात दानाचे.

तेव्हा वायर ओढण्याआधी तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर परत करा. बिलावर 'शुद्ध तांबे' लिहून घ्या. एक केबल १०० मीटरपेक्षा लांब नको, २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपात नको. स्विचला चांगली बॅटरी जोडली की लाइट गेल्यावरही सगळे कॅमेरे चालतात.