शनी कुणाची बोटं तोडत नाही!

बोईसरजवळच्या एका वस्तीत मध्यंतरी आम्ही एका पोराला भेटायला गेलो होतो. वय बावीस, ठेकेदाराकडे कामाला. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी तथागतांचा. आणि खाली पाटावर काळे तीळ, तेलाचा दिवा, लोखंडी खिळा. आम्ही विचारलं, मावशी, हे काय? ती माउली म्हणाली, "दादा, पोराची साडेसाती चालू आहे. ठेकेदारच म्हणाला, याचे ग्रह फिरलेत, शांती करून घ्या."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. मशीनला जाळी नव्हती, हे ठेकेदार बोलला नाही. सोळा तास उभं राहून पोराला झापड आली होती, हेही बोलला नाही. त्याने बोट दाखवलं ते सुमारे दीडशे कोटी किलोमीटरवरच्या शनीकडे. शनीवर गुन्हा दाखल होत नाही आणि शनी नुकसानभरपाई देत नाही. ठेकेदाराला यापेक्षा स्वस्त वकील कुठे मिळणार?

म्हणून आज आम्ही शनीचीच बाजू घेऊन बोलणार आहोत. तो बिचारा आकाशात नेमकं करतो काय?

राखणीच्या वेळी पाखरं हाकलायला आपले लोक गोफण फिरवतात. दोरी दगडाला सतत आत ओढते म्हणून तो गोल फिरतो. दोरी सुटली की दगड फिरत राहत नाही, त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडे सरळ निघून जातो. ग्रहाचंही असंच आहे. त्याची स्वतःची चाल सरळ आहे. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याला क्षणाक्षणाला आत वळवतं. सरळ जाणं आणि आत पडणं या दोन्हींचा मेळ म्हणजे कक्षा. अवकाशात अडवायला हवा नाही, घासायला रस्ता नाही, म्हणून त्याला मागून कुणी ढकलावंही लागत नाही.

न्यूटनने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात याचा हिशेब मांडला. तो दहावीच्या पोरालाही जमेल. गच्चीवरून दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर खाली येतो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके लांब, त्याच्या साठ पट लांब चंद्र आहे. अंतर साठ पट झालं की ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटीने कमी होते. ४.९ मीटरला ३६०० ने भागा. उत्तर येतं जेमतेम १.४ मिलिमीटर. चंद्र दर सेकंदाला बरोबर एवढाच पृथ्वीकडे पडतो आणि त्याच सेकंदात सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो. म्हणून तो पडत राहतो, पण आदळत नाही. आपल्या गच्चीवरच्या दगडाला आणि चंद्राला एकच कायदा लागू आहे.

शनीलाही तोच. तो सेकंदाला साडेनऊ किलोमीटरहून थोडा जास्त पुढे जातो आणि सूर्याकडे पडतो मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा. अंतर मोठं, वेग कमी, म्हणून त्याची एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांची. आता आकाशाचे बारा भाग करा, ज्यांना राशी म्हणतात. साडेएकोणतीसला बाराने भागलं की एका राशीत सुमारे अडीच वर्षं. तुमची रास, तिच्या मागची एक आणि पुढची एक, अशा तीन राशी. तीन गुणिले अडीच, साडेसात. झाली साडेसाती! कोप नाही, परीक्षा नाही. हा कक्षेचा भागाकार आहे.

आणि हा भागाकार ज्योतिषाचंच पितळ उघडं पाडतो. बारापैकी तीन राशींना कायम साडेसाती असते. म्हणजे जगातली साधारण चौथाई माणसं कुठल्याही दिवशी साडेसातीत आहेत. त्यात मालक आहेत, मंत्री आहेत, साडेसाती उतरवणारे भटजीही आहेत. मग बोटं कंत्राटी कामगाराचीच का जातात? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट होतात तेव्हा आत असलेल्या सगळ्यांची रास एकच असते काय? रास वेगवेगळी असते. हजेरीपटावर नाव मात्र ठेकेदाराच्या खाली असतं.

कुणी म्हणेल, पण ग्रहांची ओढ तर आपल्यावर असतेच ना? असते. मोजून बघू. पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो तेव्हाही शनी सुमारे १२० कोटी किलोमीटर लांब असतो. बोईसरच्या रस्त्यावर २५ टनांचा भरलेला टँकर तुमच्यापासून पाच मीटरवरून गेला, तर त्याची तुमच्यावरची ओढ जवळ आलेल्या शनीच्या ढोबळमानाने अडीच पट आणि जवळ आलेल्या मंगळाच्या चौपटीहून जास्त भरते. मग मंगळाची शांती करणाऱ्यांनी आधी टँकरची शांती करावी. निदान टँकरखाली माणूस खरोखर मरतो.

दुसरा आवडता मुद्दा येतो चंद्राचा. "चंद्र समुद्र हलवतो, माणसाच्या अंगात तर पाणीच जास्त!" चिंचणी, तारापूर, सातपाटीच्या मच्छीमार बांधवांना भरती-ओहोटी शिकवायची आम्हाला गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग त्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे. पण भरती का येते? पृथ्वी जवळपास पावणेतेरा हजार किलोमीटर रुंद आहे. चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, लांबच्या बाजूला कमी. या फरकामुळे समुद्र फुगतो. सूर्या नदीवरच्या धामणी धरणात कुणी उधाण पाहिलंय? एवढ्या मोठ्या जलाशयात जे जाणवत नाही, ते साडेपाच फुटांच्या माणसात कुठून येणार?

आणि "ग्रह वक्री झालाय"? पालघर-बोईसर दरम्यान एक्स्प्रेस गाडी शेजारची मालगाडी मागे टाकते, तेव्हा खिडकीतून मालगाडी उलटी चाललीय असं वाटतं. ती उलटी जात नसते. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने मंगळाला, शनीला मागे टाकते, तेव्हा तेही उलटे चाललेत असं दिसतं. एवढ्या दृष्टिभ्रमावर लोकांची लग्नं थांबतात, जमिनीचे व्यवहार थांबतात.

ग्रहांची स्थानं काढण्याचं गणित आणि त्यावरून नशीब सांगण्याचं फल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणिताला आमचा विरोध नाही. ग्रहण कधी लागणार हे गणिताने कळतं आणि ते खरं ठरतं. फलज्योतिषाची परीक्षा डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने पुण्यात घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. छापा-काटा केला असता तरी निम्मी बरोबर आली असती.

मग हे टिकलं कशावर? भीतीवर, आणि त्याखाली वर्णावर. ज्योतिषाच्या प्रचलित ग्रंथांत ग्रहांनाही वर्ण आहेत. गुरू-शुक्र ब्राह्मण, रवी-मंगळ क्षत्रिय आणि शनी शूद्र. काळा, मंद, अशुभ तो शूद्र! जमिनीवर माणसांची उतरंड लावून पोट भरलं नाही, म्हणून ती आकाशातही लावली. लग्नाला जे छत्तीस गुण जुळवतात, त्यातला पहिलाच गुण 'वर्ण'. वधूचा वर्ण वराहून वरचा नको, हा त्याचा नियम. जन्म कुठे झाला यावरून जात ठरते, जन्म कधी झाला यावरून पत्रिका. दोन्हींचा निकाल माणूस पहिला श्वास घेतो तेव्हाच लागलेला असतो, आणि निकाल देणारा एकच.

सूर्य मात्र कुणाचा वर्ण विचारत नाही. सगळ्या ग्रहांना तो एकाच नियमाने बांधतो.

आणि आता घरचं बोलू. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत आजही मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळ परत जातं. आधी मुहूर्त काढून मग विहारात लग्न लागतं. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात चंद्र-सूर्य-ग्रहणांवरून भाकितं सांगून पोट भरणं ही हीन विद्या ठरवली आहे. आम्ही १९५६ ला ती सोडली आणि मागच्या दाराने परत घेतली. याचा दोष केवळ मनुवाद्यांवर टाकून आम्हाला सुटता येणार नाही.

ज्यांना आकाश नाकारलं, त्यांच्यातूनच आकाश वाचणारे निघाले. मेघनाद साहा मागास गणलेल्या जातीतले, वसतिगृहात जातीवरून पंक्तीचा अपमान सोसलेले. १९२० मध्ये त्यांनी तारे तपासण्याचं समीकरण दिलं आणि पुढे देशाच्या दिनदर्शिका सुधार समितीचे अध्यक्ष झाले. रोहित वेमुलालाही विज्ञानलेखक व्हायचं होतं.

तारापूरला अणूपासून वीज १९६९ पासून बनते. त्या विजेच्या दिव्याखाली पत्रिका मांडून बसणं आता थांबवा. वस्तीत एका रात्री दुर्बीण लावा, मुलांना शनीची कडी दाखवा. भीती तिथेच निम्मी संपेल. उरलेली निम्मी संपवायला त्या पोराच्या भरपाईचा अर्ज भरा आणि प्रत्येक मशीनला जाळी लागेपर्यंत गेट सोडू नका.

त्या माउलीने अर्जावर सही केली आहे. काळे तीळ अजून पाटावरच आहेत. ते उचलायचं काम आपलं आहे.

जयभीम!