काशीद हे गावाचे नाव आहे

काशीदविषयी मराठीत जे लिहिले जाते ते सलग वाचले, तर काशीद हे वाळूचे नाव असावे अशी कुणाही परक्या माणसाची समजूत होईल. ती वाळू पांढरी आहे, तिच्यापुढे समुद्र निळा आहे, मागे सुरूचे बन आहे आणि हे सारे मुंबई-पुण्याहून एका सकाळीत गाठता येते. पुरवण्यांतील लेख, सहलीची टिपणे, हॉटेलांच्या जाहिराती आणि आमच्या विद्यार्थ्यांचे निबंध यांची या बाबतीत विलक्षण एकवाक्यता आहे. मतभेद असलाच तर पापलेट कुठे ताजे मिळते एवढ्यापुरता. अलिबाग-मुरूड रस्त्यावर, फणसाडचे जंगल आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एक गाव आहे, त्याला ग्रामपंचायत आहे, किनाऱ्यावर टपरी चालवणाऱ्याचा धंदा पावसाळ्यात बसतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात, हे या लेखनातून कळण्याची सोय नाही.

यात नवे काय, असे कुणी विचारील. जाहिरात जाहिरातीसारखीच बोलणार. मान्य. आमचे भांडण जाहिरातदाराशी नाहीच. आपण काय विकतो आहोत हे तो निदान लपवत नाही. आमचे भांडण आमच्याच बिरादरीशी आहे. मराठीचे प्राध्यापक, ललित निबंधकार आणि 'कोकण आता पूर्वीचे राहिले नाही' असा सुस्कारा टाकून चहाचा घोट घेणारी ती सर्व सुसंस्कृत मंडळी, ज्यांत काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही होतो, त्यांच्याशी आहे.

हा सुस्कारा एव्हाना एक वाङ्मयप्रकार झाला आहे. त्याची घडण ठरलेली असते. लेखक वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काशीदला गेलेला असतो. तेव्हा किनाऱ्यावर कुणी नव्हते. आता तो पुन्हा जातो, तर टपऱ्या, घोडागाड्या, कणसांचा धूर, माणसांना घेऊन लाटांवर आपटणाऱ्या रबरी होड्या आणि वाळूत रुतलेल्या मोटारी. लेखक खिन्न होतो आणि गावाने आपला आत्मा विकल्याचा निकाल देऊन सूर्यास्ताकडे वळतो. आमचा साधा प्रश्न असा की, तेव्हा 'कुणी नव्हते' म्हणजे कोण नव्हते? गाव तर होतेच. मग 'कुणी नव्हते' याचा अर्थ आपल्यासारखे दुसरे कुणी नव्हते, एवढाच उरतो. लेखकाला जे हरवल्याचे दुःख आहे ते काशीदचे नाहीच. त्याच्या एकट्याच्या मालकीच्या एका दुपारचे आहे.

आणि जे हरवले म्हणून आपण हळहळतो ते तरी कितपत अस्सल? सुरू हे झाड मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरचे. वाळू धरून ठेवावी, वारा अडवावा म्हणून ते आपल्या किनारपट्टीवर लावले गेले. काशीदच्या पाठीशी असलेले फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. अभयारण्य ते १९८६ साली झाले. ज्याला आपण कोरा निसर्ग म्हणून कवटाळतो त्यात माणसांचे हेतू, हुकूम आणि लागवड पूर्वीपासून मिसळलेली आहेत. तेव्हा घोडागाडीवाल्याने निसर्ग बिघडवला असे म्हणण्यापूर्वी, तो निसर्ग कुणी कुणासाठी घडवला होता हे विचारून घ्यावे.

परिसराचे नाव पाहुण्यांच्या खेळाच्या जागेने गिळून टाकावे, हा प्रकार काशीदपुरता नाही. नेरूळला २००८ साली डी. वाय. पाटील स्टेडियम उभे राहिले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने तिथे झाले, २०२२ साली मुलींच्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला. सामन्याला जाणाऱ्याच्या लेखी नेरूळ म्हणजे रेल्वे स्थानक, महामार्ग, स्टेडियमचे झोत आणि भोवतालच्या इमारती. नेरूळ नावाचे जुने गाव याच शहरात आहे, आणि नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या त्यांची एक मोठी कहाणी आहे. ती किती जणांना ठाऊक असते? सिडकोची स्थापना १९७० ची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईच्या बाजूला शेतकरी उठले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. या साऱ्याचे मराठी वर्णन अजूनही 'खाडीकाठच्या ओसाड जमिनीवर शहर वसले' असे होते. ओसाड! भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांना ओसाड म्हणायला भाषेवर फार मोठे प्रभुत्व लागत असावे.

काशीदच्या किनाऱ्यावर तशी सार्वत्रिक अधिसूचना निघाली नाही. अलिबाग-मुरूडच्या पट्टीत जमिनी गेल्या त्या खरेदीखताने, सुटय़ा सुटय़ा, कुणाच्या लग्नापायी, कुणाच्या आजारपणापायी, तर कुणाच्या भावाभावांतील वाटणीपायी. त्यामुळे इथे ना मोर्चा निघाला, ना स्मारक उभे राहिले. ज्या बदलाला तारीख नसते तो लेखकाला दिसत नाही. किनाऱ्यावरची टपरी मात्र त्याला लगेच दिसते आणि खुपते. कालच्या वाडीभोवती आज उठलेली उंच भिंत तिच्यावरच्या बोगनवेलीमुळे त्याला देखणी वाटते. त्या भिंतीच्या आत राखणदार म्हणून जो माणूस बसलेला असतो, तो त्या जमिनीचा कालपरवापर्यंतचा मालक असू शकतो, ही शक्यताही त्याच्या ललित लेखात शिरत नाही.

हे असे पाहणे आपण कुठे शिकलो? आमच्या मते वर्गात शिकलो. प्रादेशिक कादंबरी शिकवताना आपण गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) हटकून शिकवतो, आणि शिकवावीच. ती मोठी कादंबरी आहे, अंबावहिनीचा आवाज मराठीत दुसरा नाही. पण तो आवाज खोताच्या घरातला आहे. गाव विस्कटत जाण्याचे दुःख त्या घराच्या ओटीवरून पाहिलेले आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो का? त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात १९३३ सालापासून सहा वर्षे चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. भात पिकवायचे नाही असे ठरवून माणसे उपाशीतापाशी राहिली, पण मागे हटली नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एका ओटीवरून जी पडझड दिसते ती दुसऱ्या अंगणातून सुटका असू शकते. (चरी इंग्रज अमलात होती आणि काशीद जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात, १९४८ पर्यंत, हा फरक आम्ही विसरलेलो नाही. पण या संस्थानी मुलखाचा, हबसाणाचा, अनुभव मराठी कादंबरीत किती आला हाही एक प्रश्नच आहे.) 'पडघवली' शिकवून चरी न शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती केवळ सुस्कारा देणे होय.

काशीदकडे जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. तिथे पोर्तुगीज-मराठी संसर्गातून निर्माण झालेली एक भाषा घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगीज १७४० साली गेले, भाषा मागे राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खे पुस्तक लिहिले. आमच्या विभागांच्या शैक्षणिक सहली याच रस्त्याने जातात. बस कोर्लईच्या फाट्यावर थांबते ती किल्ल्याचे छायाचित्र घेण्यापुरती.

आता एका शब्दाविषयी. हा शब्द आहे 'स्थानिक'. काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर कुणी बुडाले की, बातमीत 'स्थानिकांच्या मदतीने' मृतदेह बाहेर काढल्याचे वाक्य येते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर किनाऱ्याच्या भीषणतेवर पुष्कळ लिहिले गेले. समुद्राला 'खुनी' म्हणून झाले. जे होड्या घेऊन आत गेले त्यांच्या वाट्याला तेवढा एक शब्द आला. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, ओहोटीचे पाणी कुठे ओढते, कुठल्या जागी वाळू पायाखालून सरकते, ही सगळी विद्या या 'स्थानिक' माणसाच्या तोंडी आहे. ती आपल्या लेखी ज्ञान नाही, कारण ती त्याच्या बोलीत आहे. सहलीच्या परिपत्रकात जीवरक्षक कवचाचा उल्लेख असतो. गावातल्या कुणाला पाण्याविषयी विचारा, असे आम्ही तरी कुठल्या परिपत्रकात वाचलेले नाही.

हाच माणूस ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा तिथे होता. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती यायला कितीतरी वर्षे जातात; म्हणजे एका दुपारी कुटुंबाची पुढली कित्येक वर्षे कोसळली. त्या वर्षी आमच्या वाचनात जे ललित लेखन आले त्यात हळहळ होती ती काशीदच्या सुरूंची. पुढच्या वर्षी, ११ जुलै २०२१ च्या रात्री, मुसळधार पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि एकाचा जीव गेला. आमच्या परिचयातील विद्वानांचा पहिला प्रश्न होता, 'आता काशीदला कुठून जायचे?' गावातल्या माणसाने मुरूडच्या बाजाराला, दवाखान्याला कुठून जायचे, हा प्रश्न आम्हांलाही उशिराच सुचला, हे कबूल करतो.

आमच्या या मतावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनतोड समजला जातो. गावाला पर्यटन हवेच आहे, रोजगार मिळतो, तुम्ही शहरात बसून त्यांच्या वतीने का रडता? आम्ही रडत नाही. टपरी टाकणे, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणे, मोसमापुरती होडी चालवणे हे निर्णय गावाने विचार करून, पैसे उभे करून घेतलेले आहेत. त्यांत हिशेब आहे, धोका आहे, चुकाही आहेत. सुस्कारा टाकणारा या सगळ्याला अधःपात म्हणतो, आणि जाहिरातवाला 'कोकणी आतिथ्य'. दोघांच्याही लेखी गाव हे दृश्य आहे. विचार करणारा पक्ष नाही. २०२० साली मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा सेतूचे उद्घाटन झाले, मुंबई या किनाऱ्याच्या आणखी जवळ आली. या जवळिकीविषयी काशीदचे म्हणणे काय, हे काशीदच्या भाषेत कुणी लिहिले पाहिजे की नको?

ते लिहू शकणारी माणसे आमच्या वर्गात बसलेली असतात, आणि आम्ही त्यांचे काय करतो हे सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रवासवर्णन शिकवताना 'एक समुद्रकिनारा' असा विषय दिला. काशीदच्या पलीकडल्या एका गावातून आलेली विद्यार्थिनी होती. तिच्या घरची किनाऱ्यावर खाण्याची टपरी. तिचा निबंध आला तो 'निसर्गाची मुक्तहस्ते उधळण' या शब्दांनी. पुढे शुभ्र वाळू, निळाशार जलाशय, मावळतीचा लालिमा. आपल्या गावाला ती पर्यटकाच्या गाडीतून उतरून पाहत होती. आम्ही तिला बोलावून घेतले आणि विचारले, पावसाळ्यात टपरीचे काय करता? तिने सांगायला सुरुवात केली. पत्रे कसे उतरवतात, बाकडी घरात कुठे रचतात, त्यामुळे चार महिने आजीची खाट पडवीत कशी जाते, पहिल्या पर्यटकाआधी सावकाराचा माणूस कसा येतो, आणि कुठल्या दिवशी गिऱ्हाइकाला पाण्यात जाऊ नका म्हटले की तो कसा हसतो. ती वीस मिनिटे बोलत होती. हे का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, हे निबंधात लिहायचं असतं का?"

आम्ही तिला पुन्हा लिहायला सांगितले. तिने लिहिले, पाच पाने, आणि आम्ही ती अंतर्गत मूल्यमापनाच्या गठ्ठ्यात ठेवली. फेरतपासणी आमच्याच विभागातील एका सहकाऱ्यांकडे होती. निबंधात 'भांग' हा शब्द दोनदा आला होता, 'आज भांग आहे, पाणी शांत असेल' अशा वाक्यात. दोन्ही ठिकाणी त्याखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिले होते: 'अप्रस्तुत. ओहोटी?'